खवल्यांची परीक्षा

रविवार, ९ फेब्रुवारी

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, मी लेखणी हातात धरत नाही, म्हणून कालचं आज लिहिते. धक्का असा बसलाय की सकाळपासून दोनदा चहा उतू गेला.

काल दुपारी नेहमीसारखी चालायला निघाले. शनिवारी गाडीत बसायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही, तेव्हा घरापासून पेंडल हिल स्टेशनपर्यंत जायचं, इंडियन दुकानांच्या काचांतून कारली-भेंडी बघायची आणि परत यायचं. माझे यजमान रूबेन गेले आणि मुलाने, नीसिमने, मला ठाण्याहून इथे आणलं, त्याला सहा महिने झाले. सहा महिने हाच माझा शब्बाथ. सिडनीतली सिनेगॉग्ज सगळी शहराच्या त्या टोकाला. चालत जायचं तर शुक्रवारी निघून रविवारी पोचेन.

तर कम्युनिटी हॉलजवळ आले आणि आतून आमची रोजची प्रार्थना, 'शेमा इस्राएल', ऐकू आली. पेंडल हिलमध्ये! इथे मला अळूची पानं मिळतात, कढीपत्ता मिळतो, पण आपल्या माणसाचं तोंड म्हणून दिसत नाही. मी दारातून डोकावले आणि जागच्या जागी थिजले.

तीसेक माणसं गोल करून नाचत होती. पुरुषांच्या खांद्यांवर आपल्यासारखेच झालरीचे टालीथ, प्रार्थनेच्या शाली. बायकांच्या हातात डफ, मनगटाला रंगीत फिती. आणि बायका-पुरुष चक्क हातात हात घालून! ओठांवर प्रार्थना आणि पायांत नाच. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये मी साठ वर्षं बायकांच्या माडीवर बसले. सिम्हाथ तोराच्या सणाला खाली पुरुष तोरा, आमचा धर्मग्रंथ, छातीशी धरून नाचतात, आम्ही वरून टाळ्या वाजवतो. आमचा नाच म्हणजे एवढाच, वर्षातून एकदा आणि तोही पुरुषांचा. इथे माझ्या वयाची बाई गिरक्या घेत देवाला हाका मारत होती. मी पळूनच जाणार होते.

तेवढ्यात तीच बाई आली. शेरिल तिचं नाव. उंच, पांढऱ्या केसांची, अनवाणी. "कम इन डार्लिंग, नो वरीज," म्हणत तिने मला आत ओढलंच. नाव विचारलं, मी वासंती सांगितलं. पेनिना हे माझं सिनेगॉगमधलं नाव. शाळेच्या दाखल्यावर आणि पुढे मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेरच्या पाटीवर वासंती झिराडकरच होतं. "फ्रॉम इंडिया" एवढंच म्हणाले. नीसिमने बजावलंय, आई, इथे हल्ली दिवस बरे नाहीत, ज्यू आहोत हे बाहेर सांगत बसू नकोस. दारावरची मेझुझा, आमच्या प्रार्थनेची डबी, तीसुद्धा त्याने आतल्या बाजूला लावली आहे. पण आपल्याच माणसांना वेगळं सांगायचं काय? मी शेमा म्हणताना डोळ्यांवर हात ठेवला. ओळखायचं ते ओळखतीलच.

गाणी स्पीकरवर चालली होती. शब्बाथला वीज! जरा खटकलं. पण ऑस्ट्रेलियातले लोक, सुधारक असणार. आमच्या ठाण्यात तरी लोक काय कमी सवलती घेतात!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज धीर करून त्या टोकाच्या एका सिनेगॉगमध्ये फोन लावला. तिथले धर्मगुरू, रब्बी, फार सभ्यपणे बोलले. आई ज्यू नसेल तर मूल ज्यू नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण कुणीतरी 'तरीसुद्धा' म्हणेल अशी वेडी आशा होती.

मैथिली माझी सून, पुण्याची, कर्वेनगरची. वृद्धाश्रमात नर्स आहे. माझ्या शब्बाथच्या दिव्यासाठी वाती तीच वळून ठेवते. तिच्यात नाव ठेवायला जागा नाही, फक्त ती ज्यू नाही. रब्बी म्हणाले, नात मिताली ज्यू होऊ शकते, पण आईवडिलांची मनापासून तयारी हवी, स्वयंपाकघर बदलावं लागेल, सिनेगॉगजवळ राहायला यावं लागेल, दोनेक वर्षांचा अभ्यास, मग तीन जाणत्यांसमोर परीक्षा आणि शेवटी पाण्यात बुडी.

मे महिन्यात मिताली बारा वर्षांची होईल. आमच्यात मुलगी बाराव्या वर्षी जाणती होते, देवापुढे स्वतःची म्हणून उभी राहते. झिराडकरांच्या घरातली ही एकुलती एक नात. ही कोण म्हणून उभी राहणार?

नीसिमला सांगितलं. तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, लीव्ह इट ना." त्याला आठवडाभर ऑफिस आणि शनिवारी क्रिकेट. देवाचा नंबर लागायला रविवार उजाडतो, आणि रविवारी आम्ही बंद.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल पुन्हा गेले आणि मितालीलाही नेलं. मैथिलीची शनिवारी ड्यूटी, नीसिम मैदानावर, पोर घरात टॅबलेट घेऊन कुजत असते. घरी सांगितलं की ज्येष्ठांचा व्यायामाचा वर्ग आहे. अगदीच खोटं नाही, गुडघे चांगलेच बोलतात.

तिथे मुलांसाठी वेगळं टेबल आहे, गोष्टी सांगतात, चित्रं रंगवायला देतात. मितालीने वादळातली होडी रंगवून आणली. नोआची नौका असावी. प्राणी काढायचे विसरलेत.

शेरिलने मला बाजूला घेऊन माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, इतक्या मूर्तींच्या देशातून तू आमच्याकडे चालत आलीस, हे केवढं आहे! मी म्हटलं, मूर्ती पुष्कळ आहेत, पण आमच्या घरात एकही नाही. तिचे डोळे भरून आले. फार हळवी बाई आहे.

रविवार, २ मार्च

आता पावलं येतात. दोन डावीकडे, एक मागे, मग टाच टेकवून गिरकी. आमच्या लग्नांत हळदीला आम्ही बायका फुगडी घालायचो, ते अंगात अजून आहे. मितालीने तर पहिल्याच दिवशी सगळं उचललं. माझ्या डाव्या हातात तिचा हात असतो, उजव्या हातात शेरिलच्या नवऱ्याचा, ग्रेगचा. तो रिटायर्ड प्लंबर, पंजा सुपाएवढा. साठ वर्षांत परपुरुषाचा हात धरला नव्हता, आता दर शनिवारी धरते आणि काही वाटत नाही. याचंच मला जास्त वाटतं.

काल मधेच रडू आलं. गाणं स्तोत्रातलं होतं, रूबेन आंघोळीला जाताना गुणगुणायचे तेच, चाल वेगळी. ते गेल्यापासून मी प्रार्थना म्हणत होते, पण उष्टावलेल्या ताटासारखी, पुढ्यात आहे म्हणून. काल नाचताना पहिल्यांदा वाटलं की ऐकणारा जागा आहे. आणि मला कुणी थांबवलं नाही, बाजूला बसवलं नाही, पाणी आणून दिलं नाही. गोल तसाच फिरत राहिला आणि मीही त्याच्याबरोबर.

देवाला पायांनी हाक मारता येते हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. मग माडीवर बसवून आमची साठ वर्षं का घालवली, हा प्रश्न कुणाला विचारू?

रविवार, ९ मार्च

काल परीक्षा घेतली. त्यांची, त्यांना न कळू देता.

आमच्यात एक जुनी हकिगत सांगतात. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि गावोगाव तेलाचे घाणे चालवत राहिले. पुस्तकं बुडालेली, भाषा विसरलेली, लोक त्यांना शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणायचे. मग कधीतरी एक परदेशी ज्यू पाहुणा आला. हे लोक आपले आहेत की नाहीत ते त्याला कळेना. त्याने बायकांपुढे सगळ्या जातीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे घेतले, बिनखवल्यांचे बाजूला काढले. तो म्हणाला, झालं, हे आपलेच.

काल शेरिलकडे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा होता. मी शुक्रवारीच मलिदा करून ठेवला होता. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं. आमच्याकडे मनातलं काही व्हावं म्हणून एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने करतात. मनातलं काय ते मी लिहीत नाही.

एका नव्या जोडप्याने कोळंबीचा भात आणला होता. मी ताट हातात धरून उभीच राहिले, डोळे त्या भांड्यावर. शेरिल आली, भांडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, सॉरी लव्ह, ज्याला पर आणि खवले नाहीत ते आम्ही खात नाही, शास्त्रात आहे. भांडं झाकून गाडीत परत गेलं. माझा सुटकेचा श्वास शेजारच्या बाईला ऐकू गेला असेल. झालं. हे आपलेच.

माझ्या मलिद्याला मात्र कुणी हात लावला नाही. शेरिलने विचारलं, हे कुठे अर्पण केलेलं आहे का? मी म्हटलं, देवालाच, आणखी कुणाला? तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, हळूहळू सुटेल. गुळाबद्दल म्हणत असावी. इथे सगळ्यांना शुगरची धास्ती. मी आणि मितालीने घरी येऊन खाल्ला.

सोमवार, १७ मार्च

कधी एकदा लिहिते असं झालंय.

शनिवारी शेरिलने जाहीर केलं की पेसाखच्या सणाआधी, सहा एप्रिलच्या रविवारी, समुद्रावर मिक्वे आहे. ज्यांना पूर्णपणे आत यायचं आहे त्यांनी बुडी घ्यायची. समुद्राचं पाणी चालतं, शास्त्राला मान्य आहे, एवढं मलाही माहीत आहे. मी विचारलं, साक्षीदार किती? म्हणाली, ग्रेग धरून तीन जाणते. तीन!

मग मी विचारलं, माझ्या नातीला घेता येईल का? शेरिल रडायलाच लागली. म्हणाली, तुम्ही दोघी बरोबरच घ्या. मी म्हटलं, मला कशाला? मग वाटलं, सणाआधी शुद्धीची बुडी घेतात बायका, बिघडलं काय. तिने विचारलं, आईवडिलांची परवानगी आहे ना? मी हो म्हणाले.

हे खोटं बोलले. इथे तरी कबूल करते. मैथिलीला विचारलं तर ती नाही म्हणणार नाही, पण 'कशासाठी' विचारेल, आणि त्याचं उत्तर तिच्या तोंडावर देण्याची माझी हिंमत नाही. नीसिमला झाल्यावर सांगेन. एकदा झालं की कोण काय करणार?

गुरुवार, २७ मार्च

चार दिवस झोप नीट नाही. दोन वर्षांचं काम तीन आठवड्यांत कसं होतं? त्या हॉलमध्ये हिब्रू अक्षर वाचता येणारी मी एकटी आहे. बाकीचे इंग्रजीत लिहिलेलं बघून म्हणतात आणि उच्चार असे की ठाण्याला प्रार्थना म्हणणाऱ्या हझानसाहेबांनी कान धरला असता. पुरीमचा सण येऊन गेला, अर्ध्या लोकांना पत्ता नव्हता. सारखं मशीआख, तारणारा, येणार, लवकर येणार म्हणतात. आम्हीही म्हणतो, पण इतक्या घाईने नाही.

मग स्वतःलाच झापलं. आमच्या लोकांकडे शेकडो वर्षं काय होतं? शेमा, शब्बाथ आणि मासा. एवढ्यावर ते तगले, आणि कुणीतरी मोठ्या मनाने त्यांना आपलं म्हटलं, म्हणून मी आज आहे. आता मी यांचे उच्चार तपासत बसू?

मितालीला शाळेतून आणताना सगळं सांगितलं. म्हटलं, आपल्यात यायला एक बुडी लागते. तुझी आई आपल्यातली नाही ना, म्हणून तुला लागते. त्या पाण्यातून बाहेर आलीस की तू पूर्ण माझी.

तिने विचारलं, "अँड नाऊ? नाऊ आय एम नॉट?"

मी म्हटलं, आता अर्धी. हसत म्हटलं. ती नाही हसली. आईला सांगू नको म्हटल्यावर नुसती मान हलवली. शहाणी आहे.

रविवार, ६ एप्रिल

आज लिहवत नाही.

सोमवार, ७ एप्रिल

लिहायलाच हवं, नाहीतर मी उद्या स्वतःला काहीतरी वेगळंच सांगेन.

नीसिम ऑफिसच्या कामाने मेलबर्नला, मैथिली ड्यूटीवर. सकाळी शेरिलची व्हॅन आली. समुद्र शांत होता, आसपास लोक कुत्री फिरवत होते. सात जणांची बुडी होती. मितालीचा नंबर पहिला, सगळ्यांत लहान म्हणून. ग्रेग कमरेएवढ्या पाण्यात उभा, दोघे जाणते त्याच्या बाजूला. मी तिचा हात धरून उतरले. पंजाबी ड्रेस पायांना चिकटला, पाणी गार होतं. किनाऱ्यावर कुणी शिंग फुंकलं, आमच्या नव्या वर्षाला सिनेगॉगमध्ये फुंकतात तसं. मनात म्हटलं, रूबेन, बघताय ना?

ग्रेगने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मिताली, डू यू टेक जीझस ॲज युअर लॉर्ड?"

अगदी स्वच्छ म्हणाला. मुलीला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणाला. मला वाटलं माझ्याच कानात काही बिघडलं. शेरिलकडे पाहिलं. ती डोळे मिटून हसत होती. किनाऱ्यावर सगळे हसत होते. मितालीने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी ओरडायला हवं होतं. बत्तीस वर्षं चारशे पोरांची रांग ज्या आवाजाने गप्प बसवली, तो आवाज कुठे गेला होता? तोंड उघडं होतं, त्यातून काही निघालं नाही. मिताली दोन-तीन क्षण माझ्याकडे बघत राहिली, मग वळून म्हणाली, "यस." आणि त्याने तिला मागे झुकवून पाण्याखाली घातलं.

माझ्या हातानेच तिथवर नेलं मी तिला.

ती वर आली, खोकली, नाकातून पाणी. लोक टाळ्या वाजवत होते. ग्रेगने तो मोठा पंजा माझ्यापुढे केला. "युअर टर्न, वासंती. लीव्ह द ओल्ड गॉड्स इन द वॉटर."

ओल्ड गॉड्स! एकच आहे माझा, आणि त्याचंच पुस्तक हातात घेऊन हे किनाऱ्यावर उभे होते. तेव्हा कुठे आवाज फुटला. "आय ॲम अ ज्यू!" मी ओरडले. "माय फादर वॉज अ ज्यू, माय मदर वॉज अ ज्यू, टू थाउजंड इयर्स!" कुत्री भुंकायला लागली.

मला वाटलं, आता हे ओशाळतील, माफी मागतील. तर शेरिल कपड्यांनिशी पाण्यात धावत आली आणि माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. म्हणाली, दोन महिने आम्ही एका हिंदू बाईसाठी प्रार्थना करत होतो, आणि देवाने आम्हाला इस्राएलची लेक पाठवली! ग्रेग ढसाढसा रडायला लागला. कुणीतरी परत शिंग फुंकलं. हातात हात घालून ते सगळे पाण्यात आले आणि माझ्याभोवती गोल करून नाचायला लागले. तेच गाणं, रूबेनचं. दोन डावीकडे, एक मागे.

आणि माझे पाय हलले. पाण्याखाली कुणाला दिसलं नसेल, पण मला कळलं. बाकी सगळ्याची माफी मागता येईल, याची कुणाकडे मागू?

मितालीला खेचून बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं, कुणाशी न बोलता स्टेशनवर आणलं. ट्रेनमध्ये आम्हा दोघींच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. हार्बर मागे पडल्यावर तीच बोलली.

"आजी, यू डिडन्ट नो?"

"काय?"

"इट्स अ चर्च. किड्स टेबलवर एव्हरी वीक जीझसच्याच स्टोरीज असतात. द बोट वन वॉज जीझस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आय थॉट यू न्यू. आय थॉट इंडियन ज्यूज डू जीझस टू." मग जरा वेळाने म्हणाली, "अँड यू वेअर सो हॅपी."

अकरा वर्षांच्या पोरीला पहिल्या दिवशी कळलेलं मला दोन महिन्यांत कळलं नाही. येशूला मानून आपल्या चालीरीती पाळणारे ख्रिस्तीही असतात, हे मला कुठे माहीत! मी कोळंबी बघत बसले होते.

मंगळवार, ८ एप्रिल

काल रात्री नीसिम परत आला. आज नाश्त्याच्या टेबलावर दोघांना सगळं सांगितलं, खोट्या परवानगीसकट. नीसिम आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो जे ओरडला ते मी लिहीत नाही. मला लागलं नाही, मी त्याहून वाईट स्वतःला दोन दिवस म्हणत होते.

मैथिली ओरडली नाही. युनिफॉर्मची बटणं लावत उभी होती, ती लावायची थांबली. म्हणाली, "ते कुठल्या देवाचं नाव घेत होते ते सोडा, आई. त्यांच्याऐवजी तुमचे रब्बी असते तर तुम्ही मला सांगितलंच नसतं ना?"

मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागले.

"तिच्या अंगावरचं नेमकं काय धुवायचं होतं तुम्हाला? मला?"

ती ड्यूटीवर गेली. डबा ओट्यावरच राहिला. इतक्या वर्षांत या मुलीने मला एक शब्द उलटा बोलला नव्हता, आणि आज बोलली त्यात एकही खोटा नव्हता.

दुपारी शेरिलचा मेसेज आला. म्हणते, वासंती, आमच्यावर रागावू नकोस, आम्ही तुला ओळखलं नाही ही आमची चूक. शनिवारी ये, आम्हाला हिब्रू शिकव, तुला मानाची जागा देऊ. मी लगेच पुसून टाकला नाही. तीनदा वाचला. तीस माणसं, शिकायला उत्सुक, आणि मी माडीवर नाही तर मधोमध. शेरिलने मला फसवलं असतं तर बरं झालं असतं. तिने काहीच लपवलं नव्हतं, आणि ती माझ्यावर मनापासून माया करते. चौथ्यांदा वाचण्याआधी पुसला.

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी पुन्हा रब्बींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, काळजी करू नका, त्या पाण्याने काही झालं नाही. मुलगी आधी ज्यू नव्हती, आताही नाही, तेव्हा तिचं गेलं काही नाही. मला धीर द्यायलाच म्हणाले ते.

मैथिली बोलते माझ्याशी, चहा देते, पण खाली बघून. वाती मात्र आज वळलेल्या नव्हत्या. मी वळल्या, वाकड्यातिकड्या.

उद्या संध्याकाळी पेसाख लागतो, आठ दिवस आंबवलेलं घरात चालत नाही, म्हणून दुपारी मी कपाटातून पाव, बिस्किटं, पिठं काढत होते. शाळेची टर्म आज संपली. मिताली आली, दप्तर टाकलं आणि न सांगता हाताखाली डबे द्यायला लागली. सगळं कपाट रिकामं झालं. मग हातात शेवयांचं पाकीट धरून विचारलं, "आजी, डिड इट वर्क?"

"काय?"

"द वॉटर. ॲम आय युअर्स नाऊ? पूर्ण?"

मी हातातला डबा खाली ठेवला. म्हटलं, "मितू, तू त्यांच्या देवाला हो म्हणालीस ना तिथे?"

"आय वुड हॅव सेड यस टू एनीथिंग," ती म्हणाली. "तू म्हणालीस ना, आय वॉज ओन्ली हाफ."

मला वाटत होतं, त्या लोकांनी माझ्या नातीला माझ्यापासून नेलं. त्यांनी काही नेलं नव्हतं. तिला हिशेबात अर्धी मीच धरली होती, शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंतच्या दहा मिनिटांत, हसत. एवढ्याशा पोरीने ते अर्धेपण घालवायला नाकातोंडात पाणी घेतलं, आणि मी त्या वेळी शास्त्र मोडलं म्हणून आक्रोश करत होते.

मी जमिनीवर बसले, तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, पाणी लागतच नव्हतं. मी चूक बोलले. तू पहिल्या दिवसापासून पूर्ण माझी आहेस, आणि तुझ्या आईचीही पूर्ण.

तिने माझं तोंड नीट निरखलं. पाण्याबद्दल सांगितलं तेव्हा तिने एका शब्दात विश्वास ठेवला होता. आज म्हणाली, "आर यू शुअर?"

मी हो म्हणाले. पिठं बाहेर गेली, फडताळ पुसून झालं, तिने परत विचारलं. मी परत हो म्हणाले. ती उद्याही विचारेल, मोठी झाल्यावरही मनात विचारत राहील. सूर्य मावळायला आलाय, लेखणी ठेवायला हवी, आणि ती आत्ता पुन्हा दारात येऊन उभी आहे.